टॉक्सिन निघतायत की चहा सुटलाय?

या वेळी आहाराच्या प्रश्नांच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली. कच्चं खाणं, एकवीस दिवस आणि ग्रुप. संक्रांत झाली, बाजारात गाजरं-मटार-द्राक्षं स्वस्त झाली की दरवर्षी हे थोडंफार होतंच, पण या वर्षी जरा जास्तच आहे, इथं नाशिकमध्ये आमच्याच गल्लीत दोन ग्रुप चाललेत आणि दोघांचं आपसात पटत नाही. त्यामुळे बाकीचे प्रश्न (केस, केस आणि केस) पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हेच.

ताई नमस्कार. मी ४६ वर्षांची, गंगापूर रोडला राहते. मैत्रिणीच्या आग्रहाने २१ दिवसांचा रॉ फूड डिटॉक्स लावलाय, म्हणजे गॅस पेटवायचाच नाही. सकाळी कोहळ्याचा नाहीतर गाजर-बीटचा रस, अकराला फळं, दुपारी मोठा वाडगाभर सॅलड आणि मोड, संध्याकाळी नारळपाणी, रात्री परत सॅलड. धान्य, डाळ, दूध, तेल, मीठ, चहा बंद. आमचा ३८ जणींचा ग्रुप आहे, सकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल, दिवसभर ताटाचे फोटो टाकायचे, रात्री वजन टाकायचं. पहिले तीन दिवस डोकं इतकं ठणकलं की काही सुचेना, मळमळत पण होतं, कोच म्हणाल्या टॉक्सिन, म्हणजे अंगातली विषं, निघतायत, चांगलं लक्षण आहे. पाचव्या दिवशी लघवी लाल झाली, मी घाबरून ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. आज चौदावा दिवस, वजन ३ किलो ८०० ग्रॅम उतरलंय आणि खरं सांगते, खूप हलकं वाटतंय. आता पुढची लेव्हल ९० दिवसांची आहे, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत. मिस्टर म्हणतात हे फॅड आहे, आणि स्वतः दर रविवारी मिसळ खाऊन येतात. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. करू का पुढे?

मिस्टरांच्या मिसळीचं नंतर बघू. आधी मला सांगा, हे सगळं सुरू करायच्या आधी दिवसाला चहा किती कप व्हायचा? तुम्ही वजन ग्रॅमपर्यंत लिहिलंय पण चहाचं एका शब्दात उरकलंय, 'बंद'. खरी गोम तिथंच आहे. रोजचा चहा एकदम तोडला की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरायला लागतं, दुसऱ्या दिवशी अगदी कळस होतो आणि मग ते कुणाचं दोन दिवसांत सुटतं तर कुणाचं आठ-नऊ दिवस चालतं, सोबत मळमळ, चिडचिड, जांभया. चहातल्या कॅफीनमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आकसलेल्या असतात, ते मिळेनासं झालं की त्या पसरतात, झालं. तुमचे तीन दिवस घड्याळ लावल्यासारखे बसतात यात. टॉक्सिन म्हणजे नक्की कुठलं, त्याचं नाव काय, ते कशातून बाहेर पडलं, हे कोचना एकदा विचारून बघाच, उत्तर आलं तर मला पण कळवा.

मी हे एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः यातून गेलेय. पंधराएक वर्षांपूर्वी मीपण एका गच्चीवरच्या ग्रुपात दहा दिवस कच्चं खाल्लं होतं, आणि तेव्हा मी शिकून-सवरून डायटिशियन झालेली होते बरं का, तरी भुलले. तिसऱ्या दिवशी डोक्याला ओढणी करकचून बांधून पडले होते, शेजारच्या वहिनी सहज आल्या, त्यांना बिचाऱ्यांना काही माहिती नाही, त्यांनी आमच्याच किचनमध्ये जाऊन आलं ठेचून चहा केला आणि समोर आणून ठेवला. नाही म्हणवेना म्हणून अर्धा कप प्यायले. अर्ध्या-पाऊण तासात ओढणी सोडली. उरलेल्या अर्ध्या कपावर साय धरली होती आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते, की हे एवढंच होतं होय!

लघवीचं म्हणाल तर ते बीट आहे. बीटचा लाल रंग सगळ्यांच्या पोटात पुरता मोडत नाही, साधारण दहातल्या एखाद्याच्या लघवीत तो तसाच उतरतो. दोन दिवस बीट बंद करा, रंग गेला तर विषय संपला. नाही गेला तर लघवी तपासून घ्या, कारण मग ते रक्त असू शकतं आणि त्याला टाळ्या वाजवत नाहीत.

आता वजन. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन साठवलेलं असतं, म्हणजे पोळी-भाताची शिल्लक समजा, आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पोळी-भात बंद केला की पहिल्या काही दिवसांत ही शिल्लक खर्ची पडते आणि पाणी निघून जातं, त्यात मीठ बंद म्हणजे अजून पाणी जातं. त्यामुळे ३ किलो ८०० मधली चरबी किती याचा हिशोब लावलात तर मन खट्टू होईल. ज्या दिवशी पहिला वरणभात खाल त्यानंतर दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो परत येणार, तेव्हा 'मी सगळं घालवलं' म्हणून रडत बसू नका, ते पाणी आहे.

आणि डिटॉक्सचं म्हणाल तर तुमच्या दोन मूत्रपिंडांमधून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो, बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो आणि लघवी म्हणून दीड-दोन लिटर बाहेर पडतं. शिवाय यकृत आहेच. एवढी मोठी गाळणी चोवीस तास चालू असताना एक ग्लास कोहळ्यानं वेगळं काय गाळायचं?

पण मग हलकं का वाटतंय, कारण ते खोटं नाहीये, तुम्हाला वाटतंय म्हणजे वाटतंयच. एक तर फरसाण, बिस्किटं, रात्री दहाचं जेवण सगळं एका झटक्यात बंद झालं. दुसरं, भाज्या-फळं पोटात जायला लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची जी नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितलीत, आणि खरं सांगा, आधी तुमच्या ताटात बटाटा सोडून भाजी किती असायची? चार जणांत पाव किलो गवार! आणि तिसरं कारण म्हणजे त्या ३८ जणी. मला वाटतं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी करणारे बघा, एरवी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जाणारी माणसं पावसात चिखल तुडवत रात्रभर चालतात, का, तर पुढे-मागे माणसं असतात, जयघोष करत असतात, आपण बसलो तर कुणीतरी हात देतं. तुमचंही तेच झालंय. सकाळी साडेसहाला कुणीतरी आपली वाट बघतंय, आपण काय खाल्लं ते कुणीतरी विचारतंय, छेचाळिसाव्या वर्षी घरातल्या बाईला 'तू काय खाल्लंस' असं विचारतं कोण हो? त्याचा गुण आलाय तुम्हाला, आणि त्याचं श्रेय फुकट कोहळ्याला चाललंय.

म्हणून ग्रुप सोडू नका असं मी म्हणेन, पण शुक्रवारी पैसे भरू नका. नव्वद दिवस नुसतं कच्चं म्हणजे डाळ नाही, दही नाही, तेलाचा थेंब नाही. तेल नाही म्हणजे तुम्ही जे ढीगभर गाजर खाताय त्यातलं कॅरोटीन (ज्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं) अंगाला नीट लागतच नाही, त्याला थोडा स्निग्धपणा लागतो, आणि गाजर-टोमॅटो जरा शिजवले तर त्यातले रंगद्रव्यांचे गुण उलट जास्त मिळतात. क जीवनसत्त्व शिजवल्यावर कमी होतं हे खरं, त्यासाठी लिंबू पिळा, कोशिंबीर खा, आपल्या ताटाची डावी बाजू त्यासाठीच तर आहे. बी-१२ झाडपाल्यात नसतंच, शाकाहारी घरांत ते आधीच तळाला गेलेलं असतं, त्यात दूध-दही पण बंद केलं तर काय राहिलं. एकदा तपासा, २०० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या. आणि अळू कच्चा खाल्ला तर घशाला खाज सुटते ना, ती ऑक्झलेटच्या सुईसारख्या खड्यांमुळे. पालकात ते अशा टोचऱ्या सुयांसारखं नसतं म्हणून घसा काही बोलत नाही, पण ऑक्झलेट भरपूर असतं, तेव्हा रोज कच्च्या पालकाचा रस पिणाऱ्यांनी, त्यातून आधी मुतखडा होऊन गेलेल्यांनी, सांभाळा. पालक उकळून पाणी फेकलं की बरंचसं निघून जातं.

हा प्रयोग काही नवा नाहीये. १९२९ साली गांधीजींनी आश्रमात हेच करून पाहिलं होतं, भिजवलेलं कच्चं धान्य, कच्च्या भाज्या, आणि एकटे नाही, सोबत आश्रमातली मंडळी होती, म्हणजे ग्रुपच की. त्यांनी त्याबद्दल लिहिलं पण उघडपणे, आणि पोट बिघडल्यावर थांबवला पण उघडपणे. ते मला फार आवडतं. तुमच्या ग्रुपात 'मला नाही झेपलं' असं लिहिणारी एक तरी बाई आहे का? असेल तर तिला टाळ्या मिळाल्या का?

तुमच्यापुरतं सांगायचं तर उरलेला आठवडा पूर्ण करायचाच असेल तर आजपासून त्यात मीठ घाला, एक वाटी दाट वरण आणि एक वाटी दही घाला, आणि कोचना सांगू नका हवं तर. रसापेक्षा फळ चावून खा, एका ग्लासाला चार-पाच गाजरं जातात आणि चोथा कचऱ्यात जातो, जो खरा कामाचा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, रसाबरोबर नाही, आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास काही नाही, दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घ्या कारण खाणं एवढं बदललं की डोस हलू शकतो. मिस्टरांची मिसळ आठवड्यातून एकदाच असेल तर मी त्यात पडणार नाही, त्यात मटकी आहे, फक्त पाव किती घेतात ते विचारा.

मॅडम, वय ६१, सातपूरला कंपनीतून रिटायर. शुगर १२ वर्षांपासून. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा, सहा महिन्यांपासून डापाग्लिफ्लोझिन पण, बीपीची टेल्मिसार्टन. मी आणि मिसेस दोघांनी कच्च्या आहाराचं शिबिर लावलं, तिथं लोकांच्या गोळ्या सुटल्या म्हणतात. गोळ्या चालू ठेवून रस-सॅलड घेत होतो तर आठव्या दिवशी भाजी घेताना एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. भाजीवाल्या मावशीनं पोत्यावर बसवलं आणि गुळाचा खडा तोंडात घातला, दहा मिनिटांत बरं वाटलं. शिबिराच्या ग्रुपवर सांगितलं तर म्हणाले शरीर आता गोळ्या नाकारतंय, सगळ्या बंद करा. करू का?

नाही. आणि त्या मावशींना माझा नमस्कार सांगा, तुमच्या अख्ख्या ग्रुपपेक्षा त्यांना जास्त कळलं.

शरीर काही नाकारत नव्हतं, शुगर खाली गेली होती. ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच, आणि तुम्ही पोळी-भात काढून काकडी खाल्ली तर ते इन्सुलिन जाणार कुठं. ७० च्या खाली शुगर म्हणजे धोका, तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायची, अजून कमी असेल तर परत तेवढीच, आणि मग काहीतरी खायचं. घराबाहेर पडताना खिशात साखरेची पुडी ठेवा, रुमालात बांधून ठेवलीत तरी चालेल. गाडीवर असताना असं झालं असतं तर, याचा विचार करा जरा.

आता सगळ्या बंद केल्या तर उलटं होईल, शुगर हळूहळू चढेल आणि कळणारही नाही. आणि ती डापाग्लिफ्लोझिन, तिचं वेगळंच आहे, ती लघवीतून साखर बाहेर काढते, अशा वेळी खाण्यातून धान्य अगदी बंद आणि पाणी कमी पडलं तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठू शकतात आणि फसवी गोष्ट म्हणजे मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतही नाही. उलटी, पोटात दुखणं, धाप, गळून जाणं असं काही झालं तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना, आणि तिथं पोचल्या पोचल्या या गोळीचं नाव सांगायचं. त्यात तुम्ही टेल्मिसार्टन घेताय, तिच्यानं पोटॅशियम थोडं चढतं, आणि वर रोज नारळपाणी, भाज्यांचे रस. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर बहुधा काही होत नाही, पण १२ वर्षांच्या शुगरनंतर ती ठणठणीत आहेत हे गृहीत कसं धरायचं? क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलंय का शेवटचं कधी?

एक मान्य करते, शिबिरवाले अगदीच खोटं बोलत नाहीत. वजन उतरलं, तळण आणि भाताचे डोंगर गेले की टाइप टूची शुगर खरंच खाली येते आणि काहींच्या गोळ्या कमी होतात, सुटतातही. पण त्या डॉक्टर मोजून मोजून कमी करतात, आणि खाणं बदलायच्या आधी ठरवून, नंतर नाही. तुम्ही उद्याच तुमच्या डॉक्टरांकडे जा, 'मी असं असं खातोय' हे त्यांच्यापासून लपवू नका, ओरडतील, ओरडू द्या. तोवर दोन्ही वेळेला एक-एक ज्वारीची भाकरी आणि वरण सुरू करा. मिसेसना गोळ्या नसतील तर त्यांचं त्यांनी ठरवावं, पण डाळ त्यांनीही सोडू नये.

ताई, मी २४ वर्षांची, अंबडला जॉबला आहे, पीजीत राहते. चार महिन्यांपासून पूर्ण रॉ वर आहे, ४९ ची ४३ किलो झाले. सुरुवातीला मस्त वाटलं पण आता केस खूप जातायत, सतत थंडी वाजते आणि दोन महिने पाळी नाही आली. सोडावंसं वाटतं पण ग्रुपमध्ये माझा फोटो 'प्रेरणा' म्हणून लावलाय, कुणी सोडलं की तिच्याबद्दल काय बोलतात ते मी ऐकलंय. आणि खरं सांगू का, आता शिजवलेलं समोर आलं की भीतीच वाटते.

तू आधी हे वाचताना काहीतरी खा. खरंच. शेंगदाणा लाडू असेल तर तो, केळं असेल तर केळं.

पाळी थांबणं हा शरीराचा निरोप असतो की घरात दाणा नाही, पाहुणा बोलवू नका. जर्मनीत १९९९ साली बरीच वर्षं कच्चं खाणाऱ्यांचा एक अभ्यास झाला, त्यात ४५ च्या आतल्या बायकांपैकी जवळजवळ ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती, आणि जितकं कच्चं जास्त, वजन जितकं कमी, तितकं हे जास्त. तू एकटी नाहीस आणि तुझी इच्छाशक्ती कमी पडलेली नाही. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, त्या प्रेग्नन्सी टेस्ट सांगतील, त्याचा राग मानू नकोस, पाळी चुकली की सगळ्यांनाच आधी ती सांगतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड एवढं रक्त तपासून घे.

खाणं एकदम पूर्वीसारखं सुरू होणार नाही, पोट पण घाबरलंय. मुगाची पातळ खिचडी, वर चमचाभर साजूक तूप, दुपारी एकदाच, पहिले तीन दिवस. बाकी तुझं सॅलड चालू दे. मग रात्रीची पण. मग पोळी, मग दही, पनीर, अंडं खात असशील तर अंडं. पीजीतल्या मावशींना सांगून ठेव, त्या खूश होतील, मला खात्री आहे.

शिजवलेल्याची भीती वाटते हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, मला सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. ही भीती कधीकधी आहारातून मनात उतरते आणि मग आजार होऊन बसते, त्याला उपचार असतात. डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. रात्री-बेरात्री फारच वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात.

ग्रुपचं काय करायचं. भांडायला जाऊ नकोस, भाषण लिहू नकोस, 'डॉक्टरांनी शिजवलेलं खायला सांगितलंय, माझा फोटो काढून टाका' एवढं अ‍ॅडमिनला टाक आणि बाहेर पड. जे मागे बोलायचं ते बोलतील. ज्या ग्रुपातून बाहेर पडायला भीती वाटते त्याला आधार म्हणत नाहीत गं, आणि त्यातल्या दोघी-तिघी तुला चार दिवसांनी खासगीत मेसेज करतील की आमचं पण असंच झालंय. मागच्या वर्षी मला अशा एकीनं लिहिलं होतं, तिला पाच जणींचे आले.

आम्ही इंदिरानगरच्या एका सोसायटीतल्या ११ जणी. हे सगळं बघून वाटलं की आपणच आपला ग्रुप काढावा, फी नाही, कोच नाही. कच्चं किती ठेवावं, मोड चालतील का, काय नियम करावे?

वा. असली पत्रं आली की बरं वाटतं.

मागे कृषीनगरच्या ट्रॅकवर चालून झाल्यावर बसणारा असाच एक ग्रुप बघितला होता मी, सतरंजीवर स्टीलचे डबे उघडलेले, एकीचा कोबीचा पचडीसारखा प्रकार ज्याला वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली होती (फोडणी म्हणजे कच्चं राहिलं का यावर पाच मिनिटं वाद), एकीचे पेरू, आणि एका काकूंच्या पिशवीतून थालीपिठाचा वास यायला लागला तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काकूंनी शांतपणे डबा काढला, म्हणाल्या, 'माझ्या शुगरच्या गोळीला हे लागतं.' कुणी काही बोललं नाही, उलट दोघींनी तुकडा मोडून घेतला. असा ग्रुप काढा.

कच्चं म्हणाल तर दोन्ही जेवणांना ताटलीभर कोशिंबीर किंवा सलाड आणि दिवसात दोन फळं, बाकी नेहमीचा स्वैपाक, तेल कमी. एवढ्यानंच सगळं होतं. मोड चालतील पण मूग-मटकीला पाच-सात मिनिटं वाफ द्या, राजमा तर कच्चा किंवा अर्धा कच्चा कधीच नाही, विषबाधा होते. मोड ओलाव्यात आणि उबेत येतात ना, जंतूंनाही तेच आवडतं. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलाय या जंतूची साथ आली आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली, एवढा प्रगत देश. गरोदर बाई, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना तर वाफवूनच. द्राक्षांच्या घडावर पांढरी लव दिसते ती बहुतेक वेळा द्राक्षाची स्वतःचीच असते, पण फवारणीचा भरवसा नाही म्हणून वाहत्या नळाखाली दोन-तीनदा चोळून धुवा, नुसतं पातेल्यात बुडवून ठेवून उपयोग नाही. पालेभाजी निवडल्यावर तीन पाण्यांतून, खाली माती बसायची थांबेपर्यंत.

दुधीचा रस घेणार असाल तर, आणि न घेतलात तरी चालेल, आधी कच्च्या फोडीचा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेका, भाजीलाही वापरायचा नाही, शिजवून ते विष जात नाही. कडू दुधीच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं गेलेली आहेत आपल्या देशात आणि म्हणूनच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनं कडू रस पिऊ नका, दुसऱ्या रसात मिसळू नका असं सांगितलंय. मिसळला की कडूपणा लपतो. 'औषध आहे, कडू असणारच' म्हणून घशाखाली ढकलायचं नाही.

नियम फार करू नका, मोडले जातात. वजन ग्रुपवर टाकायचं नाही, ज्याचं त्यानं. गोळ्यांबद्दल कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. कुणी पावडर विकायला आली तर चहा पाजून परत पाठवा, आणि फारच गोड बोलली तर पाकिटावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर आहे का ते विचारा. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बाजाराला जा, अकरा घरांची भाजी एकदम घेतली तर भाव पण पडतो, आणि निवडायला पार्किंगमध्ये बसा, मेथी अकरा जणींनी निवडली तर वीस मिनिटांत होते. आणि रविवार सकाळ मोकळी सोडा, त्या दिवशी फोटो मागू नका, मिसळीच्या नाशिकमध्ये राहतो आपण.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कृपा करून औषधांची नावं चिठ्ठीवरून बघून लिहा. या वेळी चार जणांनी 'ती छोटी गुलाबी गोळी' असं लिहिलंय, आणि एकानं गोळीचं चित्र काढून पाठवलंय, चित्र छान आहे, पण गोळी ओळखू येत नाहीये.